चार नंबर आणि सुभद्राबाईंची झाडं

विज्ञान कोणा एकाच्या मालकीचं नसतं. ते अखिल मानवजातीचं असतं. त्याला देश नाही, वेस नाही, दार नाही, कुलूप नाही. अमरावतीच्या एका फळबाग संशोधन प्रयोगशाळेत मात्र त्याला पासवर्ड होता. हा पासवर्ड म्हणजे विभागप्रमुख डॉ. पंजाबराव निचत यांच्या स्कूटरचा नंबर. स्कूटर दिवसभर इमारतीसमोर उभी असे, त्यामुळे मानवजातीची तशी गैरसोय होत नव्हती.

प्रयोगशाळेत कामाचा मोठा संगणक एकच आणि त्यावर काम करणारे नऊ जण. प्रत्येकाचं वेगळं खातं उघडावं, ज्याला जे सॉफ्टवेअर लागतं ते त्याने आपापल्या खात्यात ठेवावं, अशी सूचना पूर्वी एकदा आली होती. निचत सरांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "एका घरात नऊ चुली? संशोधन हे एकत्र कुटुंब आहे." सर स्वतः एकत्र कुटुंबातून वेगळे निघाले त्याला पंधरा वर्षं झाली होती, त्यामुळे त्या व्यवस्थेबद्दल त्यांच्या मनात नितांत आदर होता.

तेव्हापासून नऊही जण सरांच्याच नावाने संगणकात शिरत. संगणकाचा असा समज झाला की निचत नावाचा एकच माणूस दिवसाचे बावीस तास काम करतो, एकाच वेळी संत्री, मोसंबी, पेरू आणि बोरं यांच्यावर प्रबंध लिहितो आणि मधूनच क्रिकेटचा स्कोअर बघतो. हे आकडे वार्षिक अहवालात आले तेव्हा शाल-श्रीफळ देऊन सरांचा सत्कार झाला. उत्तरादाखल सर म्हणाले, "मी काही करत नाही. माझ्या हातून होतं, एवढंच." या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याशी सगळी प्रयोगशाळा सहमत होती. नंतर सगळ्यांनी गिला वडा खाल्ला.

एकत्र कुटुंब म्हटलं की नियम आलाच. तो पुंजाजींनी घालून दिला होता. पुंजाजी हे इथले जुने प्रयोगशाळा सहायक. पुढे त्यांची बदली अकोल्याच्या उपकेंद्रात झाली, पण त्यांच्या अक्षरातला नियम काचेच्या चौकटीत भिंतीवर राहिला. 'सर्वांच्या यंत्रास हात लावण्यापूर्वी वऱ्हांड्यात उभे राहून तीन हाका द्याव्यात. कोणी "चालू आहे" म्हटल्यास हात लावू नये.' अकरा वर्षं हा नियम बिनबोभाट चालला, कारण अकरा वर्षं ज्याचं काम चालू असे तो हाकेच्या टप्प्यातच असे.

त्या नऊ जणांतली सर्वांत जुनी प्रियदर्शनी खंडारे. संत्र्याची फळगळ बागेत कशी पसरते हा तिचा विषय. चांदूर बाजार तालुक्यातल्या चाळीस बागा, प्रत्येक झाडाला नंबर, आणि हंगामात दर आठवड्याला प्रत्येक झाडाखाली पडलेल्या फळांची मोजणी. या मोजणीत तिची पाच वर्षं अकरा महिने गेले होते. प्रबंध तयार होता. परीक्षकांनी एवढंच सांगितलं होतं की ठिबक असलेल्या दोन बागा वगळा आणि उरलेल्यांचा नकाशा पुन्हा काढून जोडा. प्रबंध दाखल करायचा शेवटचा दिवस शुक्रवार, तीस सप्टेंबर. तो चुकला की तिची नोंदणी संपणार होती आणि मग सहा वर्षं पहिल्यापासून.

हिवरखेडला तिच्या वडिलांनी, म्हणजे निवृत्त खंडारे गुरुजींनी, घरावर नवी पाटी लावली होती. पाटीवर प्रियदर्शनीच्या नावाआधी एका अक्षराची आणि एका टिंबाची जागा त्यांनी रंगाऱ्याला कोरी सोडायला लावली होती. येणारे-जाणारे विचारायचे, गुरुजी, इथं काय राह्यलं? गुरुजी म्हणायचे, सप्टेंबरात भरू.

कोऱ्या जागेची सवय या घराण्याला अशी चांगलीच होती. पहिल्या वर्षीची गोष्ट. तिच्या चाळीस बागांतली सर्वांत नमुनेदार बाग सुभद्राबाईंची. वय सत्तरच्या पुढे, पण झाड न् झाड तोंडपाठ. तिथे तक्ता भरताना, ज्या झाडाखाली एकही फळ पडलेलं नव्हतं त्याच्यापुढे प्रियदर्शनीने शून्य लिहिलं. सुभद्राबाईंनी तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"हे काय वं? माह्या झाडापुढं पूज्य काहून मांडलं?"

"आजी, एकही फळ गळालं नाही, म्हणून शून्य. चांगलंच आहे ना ते."

"गळाले का लागले, ते कागदाले काय समजते? बहाराच्या दिवसात झाडापुढं पूज्य मांडते का कोनी? खोड पयले."

"मग लिहू काय?"

"काईच लिवू नको. काई झालंच नाई, त लिवतं कायले?"

तर्क बिनतोड होता. प्रियदर्शनीने शून्य खोडलं आणि पुन्हा मांडणार नाही असा शब्द दिला. ही बातमी आठवडी बाजारातून पसरली आणि उरलेल्या एकोणचाळीस बागांच्या मालकांनीही तीच अट घातली. तेव्हापासून तिच्या तक्त्यात फळ गळालं की आकडा, न गळालं की कोरं घर. सॉफ्टवेअरची याला काही हरकत नव्हती. कोरं घर दिसलं की ते मुकाट्याने शून्य धरायचं. ते चौथ्या आवृत्तीचं होतं आणि प्रयोगशाळेत त्याला 'चार नंबर' म्हणत.

पाच नंबर आणला योगेश टालेने. योगेश मोसंबीवाला. त्याचा लेख ज्या नियतकालिकाकडे गेला होता, त्यांनी कळवलं की चार नंबर आता जुना झाला, पाच नंबरवर आकडे काढून पाठवा. एवढ्यासाठी कोणी माणूस वाईट ठरत नाही.

त्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी प्रियदर्शनी चांदूर बाजारला ठिबकच्या नळ्या खात्रीने पाहून यायला गेली होती. जाण्याआधी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, तिने चार नंबरला नकाशाच्या कामाला लावलं होतं. चार नंबरला एकोणीस तास लागत. सोमवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे अठराव्या तासाला, योगेश वऱ्हांड्यात उभा राहिला.

"पाच नंबर टाकून राह्यलो! कोनाचं काई चालू आहे का?"

पहिल्या हाकेला कबुतर उडालं. दुसऱ्या हाकेला निचत सरांच्या केबिनचं दार आतून बंद झालं. तिसऱ्या हाकेला चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या शकुनबाई म्हणाल्या, "कोनी नाई रे बावा इथं! टाक काय टाकाचं ते!"

तरीही योगेशने सावधगिरी म्हणून संगणकाची यादी पाहिली. सात कामं चालू दिसत होती आणि सातही निचत सरांच्या नावावर होती. सरांना तर त्याने नुकतंच वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवताना पाहिलं होतं. तेव्हा ही कामं खरी नसणार, हा निष्कर्ष त्या प्रयोगशाळेत कोणीही काढला असता.

त्याने सातही बंद केली. पाच नंबरबरोबर चाळीस पानांचं निवेदन आलं होतं आणि खाली 'वाचले व मान्य आहे' असं बटण होतं. प्रयोगशाळेच्या इतिहासात कोणी काही वाचलं नव्हतं, पण मान्य न करण्याचा उद्धटपणाही कोणी केला नव्हता. योगेशने बटण दाबलं आणि पाच नंबरने चार नंबरची जागा घेतली. प्रयोगशाळेचा एकमेव पेनड्राइव्ह हरवू नये म्हणून सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेला असे. त्यावर चार नंबरची मूळ प्रत होती. जागा पुरेना म्हणून ती पुसून योगेशने तिथे पाच नंबर भरून ठेवला. बनवणाऱ्यांनी चार नंबर आपल्या संकेतस्थळावरून आधीच काढून टाकला होता. अशा रीतीने सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी चार नंबर अमरावतीतून नाहीसा झाला.

मंगळवारी सकाळी प्रियदर्शनी आली तेव्हा नकाशा नव्हता. तिने दोन बागा वगळून काम पुन्हा लावलं. पाच नंबरने ते दहा मिनिटांत करून दाखवलं. नकाशात सुभद्राबाईंची बाग लालभडक होती.

सहा वर्षं ती बाग हिरवी होती. तालुक्यातली सर्वांत निरोगी बाग एका रात्रीत सर्वांत रोगट झाली होती, आणि तिथलं एक फळ जागचं हललं नव्हतं. उलट, ज्या बागेत निम्मी फळं मातीत गेली होती, तिचं बरं चाललं होतं.

"योगेश, काय केलं रे तू?"

"ताई, नियमानं केलं. तीन हाका देल्या. शकुनबाईले विचार."

शकुनबाईंनी ट्रे खाली ठेवला. "देल्या त्यानं. खोटं काहून बोलू? मीच म्हटलं कोनी नाई."

"अहो, अठरा तास झाले होते माझे! तासभर राहिला होता!"

"मंग चालू आहे म्हनाचं ना."

"मी चांदूर बाजारात होते!"

"तरीच आयकू आलं नाई," शकुनबाई समजुतीने म्हणाल्या.

प्रकरण केबिनमध्ये गेलं. सरांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. जुना हिरवा, नवा लाल.

"नव्यात रंग चांगले आलेत," सर म्हणाले. "हाच जोडून टाका."

"सर, निष्कर्ष उलटा होतो. चौदा नंबरच्या तक्त्यात सुभद्राबाईंची बाग पहिली आहे. इथे ती शेवटची आली."

"मग निष्कर्ष उलटा लिहा. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

"सर, मी ती झाडं डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना काही झालेलं नाही. मला फक्त चार नंबर पाहिजे, एकदाच. दोन्ही सॉफ्टवेअर बाजूबाजूला राहू शकतात. एक वेगळं खातं उघडलं तर…"

"चूल," सर म्हणाले. त्यांनी डोळे मिटले.

आता चार नंबर कुठून आणायचा, हा प्रश्न उरला. कप गोळा करता करता शकुनबाई म्हणाल्या, "अकोल्याले असन ना. पुंजाजीभाऊच्या मशीनले कोनी हातच नाई लावला. तिथली इंटरनेटची तार उंदरानं खाल्ली, तवापासून तिकडं कोनी फिरकलंच नाई."

प्रियदर्शनीचा चेहरा उजळला. सरांचाही उजळला, पण वेगळ्या कारणाने.

"म्हणजे आपलं उपकेंद्र अजून चार नंबरवर आहे?" घरात कोणाला देवी निघाल्याचं कळावं, तशा आवाजात त्यांनी विचारलं. "आणि हे मला आज कळतंय? योगेश, उद्याच्या उद्या अकोला. पाच नंबर टाकून ये. कुटुंबात समानता पाहिजे."

बुधवारी सकाळी सातच्या अकोला बसमध्ये चार नंबर वाचवायला निघालेली प्रियदर्शनी आणि तो पुसायला निघालेला योगेश एकाच बाकावर बसले, कारण दुसरं बाक रिकामं नव्हतं. योगेशच्या खिशातून पेनड्राइव्हची सुतळी लोंबत होती.

"तो खिडकीतून फेकून दे," बडनेरा गेल्यावर प्रियदर्शनी म्हणाली.

"माह्या सहीनं घेतला आहे, ताई. सुतळीची वेगळी सही आहे."

"तुले लाज कशी वाटत नाही?"

"वाटून राह्यली ना. काल जेवलो नाई धड. पन सरांचं शिफारसपत्र लागते मले डिसेंबरात. तू त जाशीन डॉक्टर होऊन, मी तिथंच आहो."

"डॉक्टर कशाची? शुक्रवार गेला का मी परत पहिल्या वर्षात. तिकडं बाबांनी पाटी रंगवून ठेवली. गावातले लोक आतापासूनच बीपी दाखवायले येतात घरी."

"मंग?"

"मंग काय, बाबा मोजतात. यंत्र आणलं त्यांनी."

मूर्तिजापूरला बस थांबली. योगेशने दोन आलूबोंडे आणले आणि मोठा तिला दिला. तिने तो खाऊन टाकला. बोरगाव मंजू यायच्या सुमारास योगेश म्हणाला, "ताई, सरांनी टाकून ये म्हटलं. किती वाजता टाक, ते नाई म्हटलं." एवढं बोलून तो झोपला.

अकोल्याचं उपकेंद्र म्हणजे कडुलिंबाखाली दोन खोल्या आणि एक लांब वऱ्हांडा. पुंजाजी तिथले सहायक, कारकून आणि चौकीदार होते. दर महिन्याला ते अमरावतीला प्रगतीचा अहवाल पाठवत. अकरा वर्षांचे सगळे अहवाल एका शब्दाचे होते : निरंक. संगणक जुन्या नऊवारीच्या कव्हराखाली होता, आणि कव्हर दर सोमवारी धुतलं जात होतं.

पुंजाजींनी दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं.

"म्हंजे एकाले चालवाचं आहे आन् एकाले बदलाचं आहे," ते म्हणाले. "मंग भांडता कायले? नियम हाये ना. पोरा, जा बाहेर. हाका दे."

योगेश वऱ्हांड्यात गेला. प्रियदर्शनीने कव्हर ओढून संगणक सुरू केला. तो उठायलाच पाच मिनिटं घेई. हाक सुरू व्हायच्या आत काम चालू झालं नाही, तर 'चालू आहे' म्हणणं खोटं ठरलं असतं, आणि पुंजाजींच्या छपराखाली खोटं चालत नसे.

"पाच नंबर टाकून राह्यलो!" बाहेरून आवाज आला.

पडद्याने पासवर्ड मागितला. तिने स्कूटरचा नंबर भरला. संगणकाने नाकारला.

"तो नवीन गाडीचा असन," पुंजाजी म्हणाले. "ही मशीन आली तवा सरांकडं लूना होती." मग ते वऱ्हांड्याकडे वळले. "पोरा, दम घे जरा. पानी पी. माठात हाये. हाका घाईनं नाई देत, घसा बसते."

योगेश पाणी पिताना ऐकू आलं. तो दोन ग्लास प्यायला.

"लूनाचा नंबर कोणाले आठवणार, पुंजाजीकाका?"

"मले. रोज किक मीच मारत होतो." त्यांनी नंबर सांगितला. संगणक उघडला.

दुसरी हाक झाली. योगेशला मध्येच ठसका लागला. तो बराच वेळ चालला. प्रियदर्शनीने आपला तक्ता चार नंबरमध्ये चढवला, दोन बागा वगळल्या, बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक काडी गोल फिरू लागली.

"कोनाचं काई चालू आहे का?" तिसरी हाक आली.

"चालू आहे!" ती एवढ्या जोरात म्हणाली की पुंजाजींनी कान झाकले.

योगेश आत आला. त्याच्या चेहऱ्यावर पराभव नव्हता. त्याने सुतळी गुंडाळून पेनड्राइव्ह खिशात ठेवला आणि सरांना फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होता.

"सर, टाकता नाही येत. काम चालू आहे."

"कोणाचं काम चालू आहे?"

योगेशने संगणकाच्या यादीत वाकून पाहिलं. "सर, तुमचंच."

पलीकडे वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला.

"मग माझं काम थांबवू नका," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

ती रात्र प्रियदर्शनीने जठारपेठेत मावशीकडे काढली, योगेशने वऱ्हांड्यात काढली आणि पुंजाजींनी खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. गुरुवारी सकाळी काडी थांबली. नकाशा हिरवा होता. सुभद्राबाईंची बाग पुन्हा पहिली आली होती, चौदा नंबरचा तक्ता जसाच्या तसा जुळत होता. प्रियदर्शनीने नकाशा तीन ठिकाणी साठवला, मग चौथ्या ठिकाणी साठवला आणि खुर्चीत बसून राहिली.

सरांना कळवणं भाग होतं. सर ऐकून गंभीर झाले. त्यांच्या आवाजात सत्काराच्या वेळचा कंप आला. "प्रियदर्शनी, नवं आणणं सोपं असतं. जुनं जपणं हे खरं विज्ञान. मी अकोल्याला मुद्दाम चार नंबर ठेवला होता. आजपासून ते आपलं संदर्भ केंद्र. तिथे कोणी काहीही बदलणार नाही. पाटीचा मजकूर मी पाठवतो. योगेशला म्हणावं, हात लावायचा नाही." दोन दिवसांत समानतेकडून संदर्भाकडे जायला त्यांना बसही लागली नव्हती.

योगेशने पेनड्राइव्हकडे पाहिलं. पुंजाजी एवढा वेळ प्रियदर्शनीचा छापील तक्ता चष्मा वर करून बघत होते.

"म्याडम, एक इचारू? एवढे घरं रिकामे काहून?"

"तिथे फळच गळालं नाही, काका."

"मंग निरंक लिवाचं."

"चार नंबरला चालतं ते. तो शून्यच धरतो."

"चार नंबर भला मानूस हाये. पन आमच्या मस्टरचं आयका. एखाद्या दिवशीचं घर रिकामं राह्यलं का साहेब आपल्या मनानं भरते. आजूबाजूले रजा दिसली का इथंबी रजा. म्या एकदा सहा दिवस कामावर होतो, सहाही रजेत गेले. तवापासून मी रिकामं घर ठेवतच नाई."

प्रियदर्शनी आणि योगेशने एकमेकांकडे पाहिलं. मग योगेशने आपला लॅपटॉप काढला, त्याला पेनड्राइव्ह जोडला आणि पाच नंबरबरोबर आलेलं ते मान्य केलेलं निवेदन पहिल्यांदा वाचायला घेतलं. सतराव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं : यापुढे कोऱ्या घरास शून्य धरले जाणार नाही, शेजारच्या घरांवरून योग्य तो आकडा अंदाजाने भरला जाईल.

सुभद्राबाईंच्या बागेत नव्वद टक्के घरं कोरी होती. उरलेल्या दहा टक्के झाडांखाली जी ढीगभर फळं पडली होती, ती पाच नंबरने मोठ्या उदारपणे सगळ्या बागेला वाटून दिली होती.

योगेशने तक्त्यातली सगळी कोरी घरं निवडली, त्यांत एकदम शून्य भरलं आणि पाच नंबर चालवला. पुंजाजी चहा सांगायला गेले. चहा यायच्या आत नकाशा आला. हिरवा. चार नंबरच्या नकाशावर ठेवला असता एक रेघ इकडेतिकडे नव्हती.

"म्हंजे हे मंगळवारी अमरावतीलेच…" योगेश म्हणाला.

"बोलू नको," प्रियदर्शनी म्हणाली.

"दहा मिनिटांत…"

"चहा पी."

संदर्भ केंद्राच्या कडुलिंबावर एक कावळा ओरडत होता, त्याला मात्र कोणी थांबवलं नाही. शेवटी प्रियदर्शनीने कप खाली ठेवला. प्रबंधाच्या शेवटी सगळे तक्ते छापायचे होते, झाडांच्या नंबरांसकट, मालकांच्या नावांसकट. छापलेले तक्ते पुढे कोणीही पाच नंबरवर चढवले असते, तेव्हा हे सगळं कळल्यावर घरं कोरी सोडता येत नव्हती. आणि तिने सुभद्राबाईंना शब्द दिला होता; त्या हो म्हणाल्या की उरलेल्या बागांचंही भागणार होतं.

"बसला अजून पाऊण तास आहे," ती म्हणाली आणि चांदूर बाजारला फोन लावला. सुभद्राबाई बागेतच होत्या. फोनमधून पंपाचा आवाज येत होता. तिने सगळं सविस्तर सांगितलं. चार नंबर काय समजतो, पाच नंबर काय समजतो, कोरं घर राहिलं की त्यांची बाग तालुक्यात शेवटची कशी येते, आणि शून्य मांडलं की पहिली कशी येते. उद्या प्रबंध दाखल व्हायचा आहे, हेही सांगितलं. पुंजाजी, योगेश आणि ती, तिघेही उत्तराची वाट बघत राहिले.

पलीकडे पंप बंद झाला.

"पूज्य मांडल्याबिगर भागतच नाई का?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"नाही, आजी."

"मंग मांड बाई," त्या म्हणाल्या. "पन बारीक मांडजो."